चामखीळ काढून मिळेल. ओळखून मिळेल का?

पुण्यात चामखीळ काढून घ्यायला फार हिंडावं लागत नाही. मेडिकलच्या काउंटरवर बाटली असते, मोबाइलवरून मागवलं तर दोन दिवसांत ‘पेन’ घरपोच येतं, गल्लीतल्या पार्लरमध्ये ‘दहा मिनिटांचं काम’ म्हणणारी मशीन असते. कर्वे रोडपासून औंध-बाणेरपर्यंत स्किन क्लिनिकं आहेत, स्टेशनाजवळ ससून हे सरकारी रुग्णालय आहे. काढून सगळेच देतात. म्हणून इथे गुण दिलेत ते काढण्याआधी काय होतं त्याला. आपल्याकडे त्वचेवर उगवलेल्या निम्म्या गोष्टींना सरसकट चामखीळ किंवा मस म्हणतात, आणि त्या प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. एकीला महिनोन्‌महिने आम्ल लावावं लागतं, दुसरी कात्रीने एका क्षणात जाते, तिसरीला हात लावण्याआधी तपासणीची सोय करावी लागते.

मानेभोवती, काखेत, जांघेत किंवा पापणीवर मऊ, देठाला लोंबल्यासारखी वाढ असेल, चिमटीत धरली की इकडेतिकडे हलत असेल, तर ती स्किन टॅग. तिच्यात विषाणू नाही, ती कुणाला लागत नाही. खरी चामखीळ, डॉक्टर जिला वॉर्ट म्हणतात, ती एचपीव्ही विषाणूमुळे येते. वरून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी खरखरीत, त्वचेच्या रेषा तिच्या कडेला येऊन तुटतात, आणि वरचा थर घासला की काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना ‘मुळं’ म्हणतात. ती रक्त गोठलेल्या केशवाहिन्यांची टोकं असतात. तळपायावर हीच चामखीळ कुरूप समजून वर्षानुवर्षं ब्लेडने कापली जाते. फरक बोटांना कळतो: कुरूप वरून दाबल्यावर दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर जास्त दुखते. कुरूपावरून त्वचेच्या रेषा सलग जातात आणि मधोमध टणक, अर्धपारदर्शक गाभा असतो.

चाळिशीनंतर पाठीवर, छातीवर, कानशिलावर मेणाचा थेंब पडून थिजल्यासारखे तपकिरी-काळे डाग येतात ते सेबोऱ्हिक केराटोसिस. नख लावलं तर कडेने सुटून येतील असं वाटतं. गालांवर आणि डोळ्यांभोवती पसरणारे बारीक काळे दाणे, ज्यांना क्लिनिकमध्ये डीपीएन म्हणतात, ते याच घरातले. सावळ्या त्वचेत आणि घराण्यात चालत येणारे. मावशीच्या गालावर असतील तर भाचीने आश्चर्य करू नये. मुलांच्या अंगावर मोत्यासारखे चमकदार, मधोमध खळगा असलेले दाणे आले तर ते मोलस्कम. तोही विषाणूच, पण चामखिळीचा नव्हे.

बाकीच्यांची नुसती हजेरी घेतो. पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळा सपाट थर असेल तर काढण्याआधी लिपिड प्रोफाइल करा. कोलेस्टेरॉल नॉर्मल निघालेलेही पुष्कळ असतात. त्वचेखाली बोटाने सरकणारी मऊ गाठ बहुधा चरबीची, तिला काही करावं लागत नाही. ती ५ सेंटिमीटरहून मोठी असेल, भराभर वाढत असेल किंवा दुखत असेल तर सोनोग्राफी करून घ्या. गाठीच्या डोक्यावर काळा ठिपका असेल तर ती सिस्ट. दाबून तिच्यातला वास येणारा चोथा काढता येतो, पण पिशवी आत राहते आणि गाठ पुन्हा भरते.

आता वस्तूंकडे. मेडिकलमध्ये मिळणारी चामखिळीची बाटली म्हणजे सॅलिसिलिक आणि लॅक्टिक आम्ल, दोन्ही १६.७ टक्के, कोलोडियन नावाच्या चिकट द्रावणात. हातापायांच्या चामखिळीसाठी या यादीतली सगळ्यांत स्वस्त वस्तू हीच, आणि सगळ्यांत जास्त चुकीची वापरली जाणारीही. रात्री ती जागा कोमट पाण्यात ५ ते १० मिनिटं भिजवायची आणि पुसून कोरडी करायची. वरचा पांढरा मेलेला थर वजरीने किंवा नखांच्या कानशीने घासायचा. ती वजरी त्या जागेपुरतीच ठेवायची. तीच टाचेला फिरवली की विषाणू टाचेवर. भोवतीच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलीनचं कडं करायचं, मग टूथपिकने एक थेंब नेमका चामखिळीवर. सुकून पांढरा पापुद्रा झाला की वर चिकटपट्टी. दुसऱ्या रात्री पापुद्रा सोलून पुन्हा पहिल्यापासून. हे रोज, १२ आठवडे.

बाटलीचा गुण येत नाही त्याची कारणं ठरलेली आहेत. माणूस तिसऱ्या आठवड्यात कंटाळतो. घासायचं राहून जातं आणि आम्ल मेलेल्या थरावरच खर्ची पडतं. झाकण नीट लावलं जात नाही, आतला ईथर उडून जातो आणि औषधाचा गोंद होतो. (हेच द्रावण पेट घेतं, त्यामुळे देवघरातल्या निरांजनाशेजारी बसून लावू नये.) जागा लाल, ओली, झोंबरी झाली तर दोन-तीन दिवस थांबायचं. काळे ठिपके गेले आणि त्वचेच्या रेषा पुन्हा सलग झाल्या की काम झालं. त्याआधी सोडलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत ती पुन्हा डोकं वर काढते. चेहऱ्यावर, गुप्तांगावर, तिळावर आणि मधुमेह्याच्या पायावर ही बाटली वापरायची नाही. या मर्यादा पाळल्या तर पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो खोक्यातल्या मुंगीच्या अक्षरांसाठी: वजरीचा आणि १२ आठवड्यांचा उल्लेख ठळक छापला असता तर अर्ध्या बाटल्या कचऱ्यात गेल्या नसत्या.

लहान मुलांच्या चामखिळीबद्दल एक सांगायला हवं. सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या चामखिळी दोन वर्षांच्या आत आपोआप जातात. मोलस्कमही बहुधा ६ ते १८ महिन्यांत ओसरतो. मूल रडत नसेल, दाणे पसरत नसतील, तर काही न करणं हाही डॉक्टरांचा सल्ला असू शकतो आणि तो ऐकून फी वाया गेली असं समजू नये. टॉवेल वेगळा, नखं कापलेली, उन्हाळी पोहण्याच्या वर्गाला जाताना दाण्यांवर वॉटरप्रूफ पट्टी, एवढं पुरतं.

कुरुपासाठीची कॉर्न कॅप, म्हणजे मध्ये ४० टक्के सॅलिसिलिक आम्लाची टिकली असलेली पट्टी, स्वतःचं काम बरं करते. टिकली सरकली की मात्र ती शेजारची चांगली कातडी पांढरी करून सोलते. मधुमेह असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊच नये. बधिर पायाला जळणं कळत नाही आणि जखम भरत नाही. शिवाय कुरूप दाबाने होतं. सिंहगड उतरताना बोटं पुढे जाऊन आपटतात तो बूट बदलला नाही तर पट्टीमागून पट्टी लावत बसाल. पाचपैकी तीन.

घरी गोठवायचे स्प्रे आता ऑनलाइन सर्रास मिळतात. त्यात डायमिथाइल ईथर आणि प्रोपेन असतात, आणि खोक्यावर उणे ५७ अंश वगैरे लिहिलेलं असतं. दवाखान्यातला द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो. तळपायाच्या जाड चामखिळीत स्प्रेची थंडी खालपर्यंत पोचतच नाही. उलट गालावर किंवा मानेवर वापरला तर वेगळीच पंचाईत: त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीला फार नाजूक, साधारण उणे ५ अंशांलाच मरू लागतात. चामखिळीच्या पेशींना त्याहून बरीच जास्त थंडी लागते. म्हणजे चामखीळ जागेवर आणि भोवती पांढरा डाग, असा सौदा होऊ शकतो. गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो महिनोन्‌महिने दिसतो, कधी कायमचाही. पाचपैकी दीड, तोही फक्त हाताच्या लहान चामखिळीपुरता.

‘सात दिवसांत तीळ गायब’ छाप थेंबांना आणि बॅटरीवरच्या ठिणगी पेनला शून्य. थेंबांच्या बाटलीवर नुसतं ‘हर्बल’ लिहिलेलं असतं आणि आत काय ते कळत नाही. लावल्यावर काळी खपली धरते, ती पडली की खड्डा राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली अशी उत्पादनं विकणाऱ्यांना ताकीदपत्रं पाठवली; तीळ किंवा स्किन टॅग घरी काढण्याच्या एकाही औषधाला त्यांची मान्यता नाही. पेनावर नऊ पातळ्या असतात, पण कितव्या पातळीला किती खोल जळतं ते पेनालाही ठाऊक नाही. स्किन टॅगच्या देठाला रबरी कडं अडकवायचा संच त्यातल्या त्यात बरा. बारीक देठ असेल तर रक्तपुरवठा तुटून टॅग वाळून पडते. रुंद बुडाच्या गोष्टीला मात्र तो बसत नाही आणि ओढूनताणून बसवला तर सूज, पू, दुखणं.

घरगुती उपायांचीही याच रांगेत गणती. चुना आणि धुण्याचा सोडा ओला करून लावण्याची युक्ती ‘चालते’, कारण त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो. तो चामखीळ आणि शेजारची कातडी यांत भेद करत नाही. बिब्बा अंगावर उतला तर आठवडाभर फोड आणि खाज. रुईचा चीक पापणीच्या टॅगवर लावताना डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. घोड्याचा केस बांधणं ही रबरी कड्याचीच जुनी आवृत्ती. ‘चामखीळ’ ऐकताच वर्तमानपत्रात गुंडाळून बिब्बा आणून देणाऱ्या शेजाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, एवढं म्हणून पुढे जाऊ.

पार्लरमधली मशीन दवाखान्यासारखीच दिसते. तिथे अडचण तीन ठिकाणी येते. सुई प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी किंवा ऑटोक्लेव्ह केलेली (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेली) आहे का, हे कुणी विचारत नाही. स्पिरिटने पुसलेल्या टोकावरून हिपॅटायटिस बी जाऊ शकतो. भूल देण्याचा अधिकार नसल्याने दुखलं की हात आखडता घेतला जातो आणि काम अर्धवट राहतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, तिथे प्रत्येक उंचवट्याला ‘मस’ म्हणतात. मानेच्या चार टॅग काढल्या, तर बहुतेकदा काही बिघडत नाही. पाचवा डाग रंगीत तीळ असेल तर बिघडतं, आणि ते काही वर्षांनी कळतं. पाचपैकी अर्धा.

स्किन क्लिनिकांना एकच गुण देता येणार नाही, कारण पुण्यात त्या नावाखाली फार वेगवेगळी दुकानं आहेत. रिसेप्शनवरची मुलगी डाग बघून ‘दहाचं पॅकेज घ्या’ म्हणत असेल तर उठावं. डॉक्टरांच्या नावापुढे त्वचारोगाचं एम.डी., डी.एन.बी. किंवा डिप्लोमा आहे का आणि चिठ्ठीवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हे बघायला संकोच नको. चांगली तपासणी अशी दिसते: कधीपासून आहे, वाढतंय का, रक्त येतं का, घरात कुणाला आहे का, असे प्रश्न, बोटाने चाचपणं, दहापट मोठं दाखवणाऱ्या डर्मोस्कोपने पाहणं, आणि चिठ्ठीवर निदानाचं नाव. नुसतं ‘कॉटरी’, म्हणजे विजेच्या उष्णतेने जाळणं, एवढंच लिहिलेली चिठ्ठी म्हणजे न बघता केलेलं काम.

मानेवर बऱ्याच टॅग आणि भोवतीची कातडी काळसर, मखमली असेल तर चांगला डॉक्टर मशीन चालू करण्याआधी वजन विचारतो आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली साखर दाखवणारी रक्ततपासणी) सांगतो. हा काळेपणा मळ समजून कात्याने घासणारे पुष्कळ. तो शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो आणि घासून आणखी काळा होतो. टॅग काढल्या आणि साखर तशीच राहिली तर वर्षभरात नव्या येतात. मग ‘मशीन खराब होती’ असा बोल लावण्यात अर्थ नाही.

काढताना काय व्हायला हवं? बारीक टॅगला नुसती कात्री पुरते. चेहऱ्यावरच्या डीपीएनसाठी लिग्नोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम जाड थरात लावून वर प्लॅस्टिक, ४५ मिनिटं ते एक तास. इथे घाई करणारी क्लिनिकं ओळखू येतात. पंधरा मिनिटांत पुसलेलं मलम म्हणजे दुखणार. मग रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा कॉटरी अगदी कमी ताकदीवर, दाणा पांढरट होईपर्यंत, आणि ओल्या गॉझने पुसून टाकणं. खालपर्यंत जाळायचं नसतं, कारण डीपीएन वरच्या थरातच असतो. खोल गेलं की तीळाएवढा खड्डा. पहिल्यांदा जबड्याखालच्या चार-पाच दाण्यांवर करून महिनाभराने उरलेले करणारे डॉक्टर आळशी नसतात, ते तुमची कातडी काळी पडते का ते पाहत असतात. पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं. स्पिरिट ओलं असताना ठिणगी द्यायची नाही. चामखीळ जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणू असू शकतो, म्हणून मास्क आणि धूर ओढणारी नळी. ही नळी दिसली तर त्या क्लिनिकला आमच्याकडून अर्धा गुण जास्त.

हातापायांच्या हट्टी चामखिळीसाठी द्रव नायट्रोजन दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, बहुधा तीन-चार वेळा लागतो. ‘एकाच सिटिंगमध्ये गॅरंटी’ ऐकलं तर सावध व्हा: विषाणू शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही असतो. कधीकधी मधली चामखीळ जाते आणि फोडाच्या कडेने बांगडीसारखी नवी उगवते. दाढीतल्या चामखिळीवरून वस्तरा फिरवत राहिलं तर त्या रेषेरेषेने पसरतात. उपचार चालू असेपर्यंत ट्रिमर वापरा. छाती, खांदे, जबड्याची कड आणि कानाची पाळी इथे केलॉइड (फुगून वाढत जाणारा वण) होण्याची शक्यता जास्त. आधीच्या कुठल्याही जखमेचा वण फुगला असेल तर ते तपासणीच्या वेळीच सांगा. गुप्तांगावरच्या चामखिळी वेगळं प्रकरण आहे, तिथे जोडीदाराचीही तपासणी येते. ते संकोचाने पार्लरमध्ये नेऊ नका.

तिळासाठी आमची एकच कसोटी आहे: बाटली. काढलेला तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत, नाव-तारीख-जागा लिहून, हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, जातो का? लेझरने तीळ उडवला की तपासायला काही उरतच नाही. वर्षानुवर्षं तसाच असलेला, सम आकाराचा, एकाच रंगाचा तीळ बहुधा निरुपद्रवी असतो आणि तो ठेवला तरी चालतो. पण दोन अर्धे जुळत नाहीत, कडा दातेरी आहेत, दोन-तीन रंग आहेत, ६ मिलिमीटरहून मोठा आहे, किंवा गेल्या काही महिन्यांत बदललाय, असा तीळ आधी डर्मोस्कोपखाली आणि शंका उरली तर बायोप्सीला. आपल्या लोकांत मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात आणि नखाखाली होण्याचं प्रमाण मोठं. तळपायाचा वाढता काळा डाग ‘चपलेचा रंग लागलाय’ म्हणून सोडू नका. नाकाजवळची चकचकीत, काळपट, मधे खपली धरणारी आणि न भरणारी पुटकुळीही बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, असू शकते. मोठ्या वयात भराभर वाढणारी किंवा सगळं करूनही न जाणारी ‘चामखीळ’ दिसली तरीही तुकडा तपासून घ्या. बाटली न ठेवणाऱ्या क्लिनिकमध्ये टॅग काढा, हवं तर डीपीएन काढा, तीळ मात्र दाखवूसुद्धा नका.

लग्न ठरलं की क्लिनिकात गर्दी होते. हळदीच्या आदल्या आठवड्यात चेहरा जाळून घेणं म्हणजे अल्बमभर खपल्या. चेहऱ्यावरची खपली ७ ते १० दिवसांत पडते, खालची गुलाबी जागा मिसळायला आणखी काही आठवडे, आणि आपल्या कातडीत ती तात्पुरती काळी पडली तर दोन-तीन महिने. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर पावसाळा संपायच्या आत उरकावं. खपली ओढायची नाही. व्हॅसलीन किंवा दिलेलं मलम, आणि खपली पडल्यावर एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन. पुण्याची खास अडचण म्हणजे स्कार्फ आणि हेल्मेट. डोळे सोडून सगळं तोंड घट्ट गुंडाळल्यावर खपल्या कापडाला चिकटून वेळेआधी निघतात. पहिला आठवडा मऊ सुती रुमाल सैल बांधा, हेल्मेटचा पट्टा जबड्यावरच्या जागेला घासत असेल तर मध्ये गॉझ ठेवा, किंवा सरळ रिक्षाने जा.

राहिलं ससून. शिकवणारं रुग्णालय असल्याने तिथे रोगनिदान दोनदा तपासलं जाऊ शकतं: आधी निवासी डॉक्टर, मग गरज पडली तर वरिष्ठ. तुकडा तिथल्याच पॅथॉलॉजीत जातो, खर्च खाजगीच्या मानाने फारच कमी. एसी नाही, कॉफी नाही, आणि निव्वळ दिसण्यासाठी काढायच्या दाण्यांपेक्षा कुष्ठरोग, सोरायसिस, औषधांच्या ॲलर्जीचे रुग्ण आधी, हे रास्तच आहे. शंकास्पद तिळासाठी, बरी न होणाऱ्या गाठीसाठी पाचपैकी साडेचार. मानेच्या टॅगसाठी तिथली रांग अडवू नका. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या नक्की) आणि डागाचा सहा महिन्यांपूर्वीचा एखादा फोटो मोबाइलमध्ये शोधून ठेवा. तळपाय दाखवायचा असेल तर आदल्या दिवशी नेलपॉलिश पुसा आणि मेंदी लावू नका.